वाहतं पाणी पाहून गळ टाका: व्हर्जिनियाच्या जेम्स नदीतला मोठा ब्लू कॅटफिश

व्हर्जिनियात रिचमंड शहराजवळ जेम्स नदी खडकांवरून खाली उतरते आणि तिथून पुढे थेट चेसापीक उपसागरापर्यंत तिला भरती-ओहोटी लागते. समुद्र बराच लांब असला, तरी रिचमंडच्या धक्क्यावर पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तरीही चिकाहोमिनी नदीच्या मुखाच्या आसपास येईपर्यंत ते जवळजवळ गोडंच असतं. गोडं पाणी, भरतीची ओढ, चिखलाचा तळ आणि खायला भरपूर चारा, असं सगळं एका ठिकाणी जुळल्यामुळे इथे ब्लू कॅटफिश अवाढव्य वाढतो. मासा मूळचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. १९७० च्या दशकात राज्याच्या मत्स्यखात्याने तो हौशी मासेमारांसाठी या नद्यांत सोडला. २००९ साली याच नदीत १०२ पौंडांचा, म्हणजे ४६ किलोंचा मासा गळाला लागला आणि तो त्या वेळी राज्याचा विक्रम ठरला. २०११ मध्ये राज्याचा विक्रम १४३ पौंडांवर गेला, पण तो मासा नदीतला नव्हता, कर (Kerr) नावाच्या जलाशयातला होता.

राज्याच्या नोंदीत ३० पौंड (साडेतेरा किलो) किंवा ३८ इंच हे ब्लू कॅटफिशसाठी ‘ट्रॉफी’चं माप आहे. या लेखात मोठा मासा म्हटलं की हेच माप धरा. छोटे मासे इथे कोणालाही लागतात. मोठे लागतात ते पाण्याच्या वेळा पाळणाऱ्याला. भारी रॉड घेऊन नामांकित जागेवर दिवसभर बसलेला माणूस रिकामा परततो, कारण ती जागा दिवसातले दोन-तीन तासच चालते आणि ते तास घड्याळावरून कळत नाहीत.

निघण्याआधी: परवाना आणि एक आकडा

१६ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या जवळजवळ प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. दहा किंवा अधिक अश्वशक्तीची मोटरबोट चालवायची असेल, तर बोटिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला जवळ हवा. २६ फुटांखालच्या बोटींसाठी इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी वापरणं एप्रिल २०२१ पासून संघीय कायद्यानेच बंधनकारक आहे.

लक्षात ठेवायचा आकडा ३२ इंच. भरतीच्या नद्यांत ३२ इंचांपेक्षा लांब ब्लू कॅटफिश माणशी दिवसाला एकच ठेवता येतो. नियम दरवर्षी छापले जातात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका नजरेखालून घाला. जिवंत कॅटफिश पकडून दुसऱ्या तळ्यात किंवा नदीत सोडायचा विचारही नको. हा मासा चेसापीकच्या खोऱ्यात परका आहे आणि खेकडे, मेनहेडन मासे असं बरंच काही फस्त करतो. त्याने आधीच व्हायचं तेवढं नुकसान केलं आहे.

पाण्याचं वेळापत्रक

कोकणातल्या वाचकाला तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते हे ठाऊक असतं. जेम्सवर तो हिशेब वेळ सांगणार नाही. उधाण आणि भांग मात्र इथेही चंद्राप्रमाणेच येतात: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ जास्त, अष्टमीच्या सुमारास कमी. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. रिचमंडला ते जेमतेम मीटरभर चढतं, पण नदी अरुंद असल्याने तेवढ्या चढउतारालाही भरपूर वेग येतो.

वेळांसाठी अमेरिकी सरकारच्या ‘नोआ’ संस्थेचे भरतीचे अंदाज पाहा. ते स्थानकवार मिळतात. नवखा माणूस इथेच फसतो: तो नदीच्या मुखाजवळच्या हॅम्प्टन रोड्सची वेळ पाहतो आणि बरंच वर, रिचमंडकडच्या होपवेलला जातो. भरतीची लाट नदीत वर सरकायला कित्येक तास घेते. मुखाशी ओहोटी लागलेली असताना वर रिचमंडकडे पाणी अजून चढतच असतं. म्हणून तुम्ही जिथे बोट लावणार, त्याच्या सर्वांत जवळच्या स्थानकाची वेळ घ्या.

दुसरी फसगत जरा बारीक आहे. तक्त्यात पाण्याच्या उंचीची वेळ असते आणि आपल्याला हवा असतो प्रवाह. पूर्ण भरती झाली म्हणून प्रवाह त्याच मिनिटाला फिरत नाही. नदीत तो पुढे-मागे होतो, आणि किती ते जागेजागेला वेगळं असतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वहीत नोंद ठेवा: तक्त्यातली वेळ काय होती, आणि नांगरलेल्या बोटीच्या बाजूने जाणारं पान खरोखर कधी थांबलं. ही नोंद कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे ५० मिनिटांनी पुढे ढकललं जातं. ओढ सगळा वेळ सारखी नसते. सहा तासांचे सहा भाग केले, तर पाण्याच्या एकूण चढउतारातले बारापैकी १, २, ३, ३, २, १ असे हिस्से त्या तासांत होतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सर्वांत जोरात असतं. नदीच्या वरच्या भागात हा हिशेब थोडा वाकडा होतो, कारण नदीचा स्वतःचा प्रवाह ओहोटीत मिसळतो आणि भरतीच्या आडवा येतो. त्यामुळे ओहोटी जास्त वेळ चालते, भरती आखूड होते. पश्चिमेकडच्या डोंगरांत मोठा पाऊस झाला, की रिचमंडजवळ भरतीच्या वेळी पाणी उलटं वाहतच नाही, फक्त मंदावतं. निघण्याआधी रिचमंडच्या वरच्या अंगाला वेस्टहॅम येथील पाणीपातळी पाहा. ती झपाट्याने चढत असेल तर त्या दिवशी ओंडके वाहून येणार, नांगर सरकणार आणि लाइनवर कचरा जमणार. घरी राहिलेलं बरं.

मासा खातो कधी? मोठा ब्लू कॅटफिश प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या आडोशाच्या कडेला थांबून वास घेत असतो. पाणी थांबलं की वासाची रेघ तुटते आणि तो हलत नाही किंवा भटकायला लागतो. पाणी अंगावर आल्यासारखं जोरात असलं तर तो तळाच्या खळग्यात दबून राहतो. चांगला काळ म्हणजे पाणी फिरल्यानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा भाग आणि पुन्हा थांबण्याआधीचा शेवटचा तास-दीड तास. उधाणाच्या दिवसांत मधला जोराचा काळ हातचा जातो. भांगाच्या दिवसांत उलट मधलाच काळ उत्तम, कारण कडेच्या तासांना ओढच नसते. दिवस निवडण्याची मुभा असेल तर उधाण आणि भांग यांच्या मधले दिवस घ्या.

जागा शोधणं

या नदीत सुमारे २५ फूट खोलीचा जहाजमार्ग आहे आणि त्यातून रिचमंडपर्यंत बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) ये-जा करतात. मार्गाच्या दोन्ही कडांना पायरीसारखी उतरण असते. उथळ पठारावरून तळ एकदम १२ फुटांवरून २५ फुटांवर जातो ती कड ही पहिली जागा. दुसरी, नदीच्या वळणाची बाहेरची बाजू. पाणी तिथे तळ खरवडतं, झाडं उन्मळून पडतात आणि खोल खळगे तयार होतात. तिसरी, खाड्यांची आणि जुन्या वळणांची मुखं. रिचमंड ते होपवेल दरम्यान नदीची मोठी वळणं कालवे खणून तोडली आहेत. डच गॅप आणि जोन्स नेकजवळची जुनी वळणं अजून पाण्याने भरलेली आहेत. ओहोटीला या आतल्या पाण्यातून छोटे मासे बाहेर ओढले जातात आणि मुखाशी मोठा मासा तोंड उघडून बसलेला असतो. होपवेलला ॲपोमॅटॉक्स नदी येऊन मिळते, तिथली दोन प्रवाहांची शिवण अशीच.

साधा नियम: ओहोटीत कडा आणि खाड्यांची मुखं, भरतीत कडेलगतची पठारं. चढत्या पाण्याबरोबर चाऱ्याचे मासे उथळात शिरतात आणि कॅटफिश त्यांच्या मागे ६ ते १० फूट पाण्यातही येतो, विशेषतः रात्री आणि वसंतात. इतक्या उथळ पाण्यात एवढं मोठं जनावर येत असेल यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. म्हणून तो भरतीचे तास फुकट घालवतो.

सोनारशिवाय (आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) नांगर टाकू नका. त्या कडेवरून मंद वेगाने, ताशी ५–६ किलोमीटरच्या गतीने, नागमोडी जा. तळाला चिकटलेल्या जाड कमानी आणि त्यांच्या वर चाऱ्याचा ढग दिसला तर खूण करा. काहीच नसेल तर जागा कितीही देखणी असो, पुढे चला. बोट पाण्यात उतरवायला ऑस्बर्न लँडिंग, डीप बॉटम, डच गॅप आणि होपवेलजवळ जॉर्डन पॉइंट हे सोयीचे धक्के.

आमिष: अर्धी लढाई इथेच

सगळ्यात भरवशाचं आमिष म्हणजे त्याच सकाळी पकडलेला गिझर्ड शॅड. हा आपल्या पाल्याचा, म्हणजे हिल्शाचा नातलग. चपटा, चंदेरी, पोटाला करवतीसारखी धार असलेला. पाठीवरच्या पराचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा लांब निघालेला असतो. ही खूण नीट पाहा, कारण दिसायला अगदी जवळचे असे रिव्हर हेरिंग (एलवाइफ आणि ब्लूबॅक) बाळगायला व्हर्जिनियात २०१२ पासून बंदी आहे. वसंतात ते वर चढतात तेव्हा एकाच जाळ्यात दोन्ही येऊ शकतात. दोरा नसलेला मासा लगेच परत सोडा.

पकडण्यासाठी फेकजाळं, कोकणात ज्याला पाग म्हणतात ते. घेर ८ फूट त्रिज्येचा आणि फास अर्धा ते पाऊण इंच घ्या. बारीक फासाचं जाळं हळू बुडतं आणि शॅड निसटतो. पहाटे, खाडीच्या आतल्या ४ ते ८ फूट पाण्यात, पृष्ठभागावर पावसाचे थेंब पडल्यासारखी हालचाल दिसते तिथे टाका. थंडीत ते खोलात जातात. मग सोनारवर थर शोधा आणि जाळं तळाला टेकेपर्यंत दोर ओढू नका. सहा रॉडना दिवसभरासाठी २५–३० सेंटिमीटरचे १५ ते २० मासे पुरतात.

साठवताना होणारी चूक सर्वांत महागात पडते: मासे वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात पोहत ठेवणं. सहा तासांत मांस फिकट आणि पिठासारखं होतं, रक्त निघून जातं आणि गळावर तुकडा टिकत नाही. मासे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा आणि पेटीची तोटी उघडी राहू द्या. उरलेला शॅड गोठवून पुढच्या वेळी वापरता येतो, पण फक्त सोबतीला. ताजा आणि गोठवलेला एकाच बोटीवर शेजारी ठेवा, फरक दिसेल.

कापायची रीत अशी. शेपूट आधी कापून फेका. ती ठेवली तर प्रवाहात तुकडा भिंगरीसारखा फिरतो आणि लाइनला पीळ पडतो. डोकं कल्ल्यांच्या बरंच मागून, आतडी डोक्याबरोबर राहतील असं तिरकं कापा. मोठ्या माशासाठी हाच तुकडा उत्तम. मधल्या भागाचे ४–५ सेंटिमीटरचे आडवे काप करा. गळ एकदाच घालायचा: डोक्याला नाकपुड्यांतून किंवा ओठांतून, कापाला पाठीच्या कडेच्या कातडीतून. गळाचं टोक आणि त्याच्या दांड्यापर्यंतची फट पूर्ण मोकळी दिसायला हवी. बरेचजण आमिष पडू नये म्हणून गळ दोन-तीनदा टोचून मांसात पुरतात, आणि मग रॉड वाकूनही मासा सुटतो, कारण ओठात शिरायला गळाला जागाच उरलेली नसते.

दर २०–३० मिनिटांनी तुकडा बदला. वाहत्या पाण्यात रस धुऊन जायला तेवढाच वेळ लागतो.

रॉड, रीळ, गळ

इथे फारसं डोकं चालवायची गरज नाही. साडेसात फूट लांबीचा मध्यम-जड रॉड, टोक मऊ आणि बुंधा ताठ. पूर्ण ताठ रॉडला सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) नीट लागत नाही. रीळ गोल, ‘क्लिकर’ (लाइन सुटू लागली की आवाज करणारी कळ) असलेलं, ६५०० किंवा ७००० मापाचं. मुख्य लाइन ३० पौंडांची मोनोफिलामेंट (एकेरी धाग्याची, थोडक्यात मोनो) किंवा ६५ पौंडांची विणीव (ब्रेडेड). मोनो लाकडावर घासली तरी तग धरते आणि ताण झेलते. विणीव बारीक असल्याने पाणी तिला कमी ढकलतं, म्हणून शिसं कमी लागतं. उधाणाच्या ओढीत हा फायदा मोठा आहे. काठावर लाकडं असतील तर मोनोच बरी.

जोडणी वरून खाली अशी:

१. मुख्य लाइनीत शिसं सरकवण्याची प्लास्टिकची नळी ओवा, तिच्यामागे एक रबरी मणी. मण्यामुळे शिसं गाठीवर आदळत नाही.
२. १०० पौंडांचं बॅरल स्विव्हल (दोन्ही टोकांना कडी असलेला फिरता दुवा) बांधा.
३. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला ६० ते ८० पौंडांच्या जाड मोनोचा ४५ सेंटिमीटर लीडर (गळाकडचा तुकडा). पाणी जोरात असेल तर ३० सेंटिमीटर. लांब लीडर ओढीत वळवळत राहतो आणि गुंता होतो.
४. लीडरच्या टोकाला ८/० किंवा १०/० सर्कल हुक. हुक त्याच्या दांड्याभोवती पीळ देऊन गाठीने बांधा आणि गाठ थुंकीने ओली करून आवळा.

शिसं ८५ ग्रॅमपासून २२५ ग्रॅमपर्यंत चार वजनांत ठेवा. योग्य वजन म्हणजे टाकल्यावर तळाला बसून एकदोनदा सरकून थांबेल तेवढं. सतत घरंगळत असेल तर वाढवा. चपटं शिसं गोलपेक्षा कमी लोळतं. खालच्या भागात, चिकाहोमिनीकडे, उन्हाळ्यात खेकडे आमिष दहा मिनिटांत साफ करतात. तिथे लीडरवर, गळापासून १० सेंटिमीटर वर, ५–७ सेंटिमीटरचा फोमचा तरंगता तुकडा अडकवा म्हणजे आमिष तळापासून उचललेलं राहतं.

नांगर

भरतीच्या नदीत नांगरापायी बोटी उलटू शकतात. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: नांगर बोटीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागच्या बाजूला बांधलेल्या नांगराने जोराच्या ओढीत मागचा भाग खाली ओढला जातो, इंजिनावरून पाणी आत येतं आणि पुढचं काही करायला वेळ राहत नाही.

१८–२० फुटी बोटीला १५ ते २० पौंडांचा नांगर, त्याला किमान अडीच मीटर साखळी आणि खोलीच्या सहापट दोर. २० फूट पाण्यात १२० फूट. साखळी नसेल तर नांगर सरळ वर ओढला जातो आणि चिखलात रुतत नाही. साखळीचं टोक नांगराच्या वरच्या कडीला न बांधता तळाच्या छिद्राला बांधा, आणि वरच्या कडीला फक्त केबल टायने अडकवा. नांगर बुडालेल्या झाडात अडकला की इंजिनाने जोर लावा. टाय तुटते, ओढ तळाकडून बसते आणि नांगर उलटा निघतो. रुपयाभराच्या टायने शंभर डॉलरचा नांगर वाचतो.

टाकताना हे मोजून करा. माशांची खूण केलेल्या जागेपासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला दोराची लांबी अधिक फेकीचं अंतर, म्हणजे साधारण ३६ मीटर अधिक २५ मीटर, ६० मीटर वर जा. इंजिन मोकळं सोडा, नांगर हाताने खाली उतरवा, भिरकावू नका. बोट मागे वाहत असताना दोर द्या, खोलीच्या तिप्पट गेला की क्षणभर अडवून दात रुतू द्या, मग उरलेला सोडा आणि बांधा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्याच्या मागची एक वस्तू एका रेषेत धरून दोन मिनिटं पाहा. रेषा सरकली तर नांगर सरकतोय.

दोराच्या बोटीकडच्या टोकाला मोठा तरंगता गोळा लावलेला असू द्या. मोठा मासा दोराखालून गेला किंवा बार्ज अनपेक्षितपणे वळली, तर दोर सोडून निघून जाता येतं आणि गोळा पाण्यावर राहतो. धारदार सुरी पुढच्या भागात हाताशी हवी.

लाल-हिरव्या बोयांच्या मधल्या जहाजमार्गात कधीही नांगरू नका. भरलेली बार्ज तुमच्यासाठी थांबू शकत नाही, आणि ती येण्याआधी काठाजवळ पाणी मागे ओढलं जाऊन मग लाट येते. व्हीएचएफ रेडिओवर १३ आणि १६ नंबरचे चॅनेल चालू ठेवा. रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावा.

वारा प्रवाहाच्या आडवा असला की बोट पेंडुलमसारखी झुलते आणि लाइनी एकमेकींत जातात. बोटीच्या मागे दोराने पाण्यात एक बादली किंवा ड्रिफ्ट सॉक (पाण्यात ओढला जाणारा कापडी नरसाळ्यासारखा अडथळा) सोडला तर झुलणं निम्म्यावर येतं.

वाट पाहताना

सहा रॉड पंख्यासारखे मांडा: बाजूचे दोन जवळ, मधले लांब. खोल कडेवर दोन, उतरणीवर दोन, पठारावर दोन. कोणत्या खोलीत पहिला मासा लागतो ते कळलं की बाकीचे तिकडे वळवा. रॉड होल्डर बोटीच्या चौकटीला बोल्टने जोडलेले हवेत. नुसते अडकवलेले होल्डर रॉडसकट नदीत जातात.

ड्रॅग (किती ओढ बसली की रिळातून लाइन सुटेल तो ताण) तीन ते साडेतीन किलोंवर लावा. स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून मोजा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. रॉडचं टोक ठक-ठक करतं तोवर हात लावायचा नाही. टोक पाण्याकडे वाकून तसंच राहिलं आणि लाइन सुटू लागली की रॉड होल्डरमधून न काढता रीळ फिरवायला लागा, वजन बसलं की मग उचला. गळाला झटका देण्याची सवय असलेल्यांना हे जड जातं. सर्कल हुक ओढ बसताना वळून जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. झटका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो.

पाऊण तासात एकही ठोका नाही तर उठा. फक्त पाणी थांबलेलं असेल तर थांबा.

आणि पाणी फिरण्याची वेळ आली की त्याच्या १५ मिनिटं आधी सगळ्या लाइनी गुंडाळा. आळस केला तर बोट १८० अंशांत वळताना सहा लाइनींची वेणी होते, वर नांगरही उलट्या ओढीने उखडतो. हा अर्धा-पाऊण तास आमिष कापायला, डबा उघडायला आणि पुढच्या ओढीच्या जागेवर जायला चांगला. ओहोटीला ज्या कडेवर मासा होता, तिथे भरतीत बोटीचं तोंड उलटं असतं आणि तोच मासा आडोशाच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असतो.

मासा बोटीजवळ आल्यावर

मोठा मासा पृष्ठभागाशी येताना आधी बुडबुड्यांची रांग दिसते. तेव्हाच जाळी पाण्यात घाला, रबरी आवरणाची आणि किमान ९० सेंटिमीटर तोंडाची. डोक्याकडून घ्या. कोकणातल्या शिंगाळ्याप्रमाणे याच्याही पाठीला आणि कल्ल्यांमागे ताठ काटे असतात. छोट्या माशाचे जास्त तीक्ष्ण. जबड्यात खरवडणाऱ्या कानशीसारखे दात असल्याने हातमोजा घाला. १५ किलोंवरचा मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवू नका. मणका आणि जबड्याचे सांधे सुटतात. एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली. वजन ओल्या कापडी झोळीत करा आणि झोळीचं वजन वजा करा.

फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करून ठेवा. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरा, शेपटीचा जोर हाताला लागला की तो स्वतःच जातो. पाणी २७ अंशांवर असेल तर लढाई लांबवू नका. उन्हाळ्यात दमवून सोडलेले मासे पुढे मरू शकतात आणि ते कोणाला दिसत नाहीत.

महिन्यांचा हिशेब

नोव्हेंबर ते मार्च हा मोठ्या माशाचा काळ. तो २० ते ४० फुटांच्या खळग्यांत गोळा होतो आणि दुपारी खातो, म्हणून पहाटे उठण्याची गरज नाही. मार्च-एप्रिलला हेरिंग आणि शॅड वर चढले की पठारांवर. मे-जूनमध्ये, पाणी २१ ते २७ अंशांत असताना, अंडी घालण्यासाठी मासे काठाच्या बिळांत शिरतात आणि तीन-चार आठवडे मोठं काही लागत नाही. जुलै-ऑगस्टला रात्री जा. हिवाळ्यात लाइफ जॅकेट अंगावरच हवं. १० अंशांखालच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात दहा मिनिटांत काम करेनासे होतात, मग ते शोधून घालता येत नाही.

बोट नसेल तर

डीप बॉटम, डच गॅप किंवा ऑस्बर्नच्या काठावरूनही चालतं. काठाजवळ खोल कड येते अशी वळणाची बाहेरची बाजू निवडा, १० फुटी रॉड आणि १७० ग्रॅम शिसं घ्या, आणि भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास ते ओहोटीचा पहिला तास एवढंच बसा. रॉडचा टेकू जमिनीत खोल ठोका.

खायचं असेल तर

१९७५ मध्ये होपवेलच्या एका कारखान्यातून केपोन नावाचं कीटकनाशक नदीत गेल्याचं उघड झालं आणि जेम्सवरची मासेमारी राज्याला बंद करावी लागली. ती बंदी उठली, पण तळाच्या गाळातली पीसीबी रसायनं आजही माशांच्या चरबीत साठतात. मासा जितका म्हातारा आणि मोठा, तितका साठा जास्त. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला असा: जेम्सच्या भरतीच्या भागातला ३२ इंच किंवा त्याहून मोठा ब्लू कॅटफिश अजिबात खाऊ नये, त्याहून लहान महिन्यात दोन जेवणांपेक्षा जास्त नको. गरोदर बायका आणि लहान मुलांना तोही न दिलेला बरा.

कालवणासाठी ४५ ते ६० सेंटिमीटरचे मासे ठेवा. पकडल्याबरोबर कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. कातडी पूर्ण काढा, पोटाकडची पिवळट चरबी आणि कडेने जाणारा लालसर मांसाचा पट्टा कापून टाका. चिखलट वासही याच पट्ट्यात असतो. उरलेल्या पांढऱ्या मांसाला हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, निथळवा आणि मगच वाटणात सोडा. मांस मऊ असल्याने रस्सा उकळल्यावर आठ-दहा मिनिटांत होतं. चमच्याने ढवळू नका, पातेलं हलवा.